मूठ, चाप आणि परवाना

उपनगरातल्या मराठी माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरली असेल, तर ती बहुधा जुहूच्या वाळूत. उभ्या फळीवर ओळीने लावलेले रंगीत फुगे, समोर दोन-तीन जुन्या छऱ्याच्या बंदुका, आणि दहा छऱ्यांचे पैसे आधी. आम्ही अंधेरीची पोरे रविवारी तिथे जात असू तेव्हा आमच्यात एक शहाणपण पिढीजात चालत आलेले होते : समोर केलेली पहिली बंदूक घ्यायची नाही. एक छर्रा मारून बघायचा, कुठल्या बाजूला जातो ते पाहायचे आणि मग गाडीवाल्याला म्हणायचे, ही नको, ती कोपऱ्यातली द्या, हिची नळी डावीकडे खाते. गाडीवालाही वाद घालत नसे. त्याला ठाऊक होते की पोरगे बरोबर बोलते आहे.

पैसे मोजण्याआधी हत्यार हातात घेऊन पाहणे, एकाशी दुसरे ताडून पाहणे, ही दहा वर्षांच्या पोराला सुचणारी गोष्ट. पण पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत, म्हणजे एका हातात मावणाऱ्या हत्याराच्या बाबतीत, आपल्याकडे ही साधी गोष्ट जवळजवळ सव्वाशे वर्षे घडूच शकली नाही. ती का घडली नाही, आणि गेल्या काही दशकांत ती कुठून परत आली, हे या लेखात पाहायचे आहे. मला या विषयाकडे वळवले ते घरातल्या दोन खरेद्यांनी. पहिली घाटकोपरच्या मामांची, १९९८ सालची. दुसरी बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या पुतणीची, अगदी अलीकडची. दोन्ही खरेद्यांना मी साक्षी होतो, आणि दोन्हींत इतका फरक होता की त्याचे मूळ शोधताना मी १८७८ सालापर्यंत मागे गेलो.

एकाच वर्षातले दोन कायदे

१८७८ हे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतले साल. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. मार्चमध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा आला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचा शस्त्र कायदा. लेखणीवरचा कायदा लॉर्ड रिपनने पुढे तीन-चार वर्षांत काढून टाकला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकला. त्याची जागा घेणारा कायदा १९५९ साली संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

१८७८ च्या व्यवस्थेत हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, हा सर्वसाधारण नियम. पण नियमांतल्या सवलतींनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून मोकळे केले होते. हिंदी माणसांपैकी अशी सूट मिळे ती संस्थानिक, मोठे जमीनदार आणि पदवीधारी मानकरी अशा निवडक वर्गाला. बाकीच्यांनी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आजच्या मुंबई उपनगरांचा सगळा पट्टा, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हाची गावे, साष्टी बेटात आणि ठाणे जिल्ह्यात मोडत. उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० साली. तोवर इथल्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून भात राखण्यासाठी बंदूक हवी असेल, तरी त्याचे दार ठाण्याच्या कलेक्टरचे.

या कायद्याची कडवट चव त्या काळच्या सर्व राजकीय लिखाणात उतरली आहे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्यावर ठराव केला. पुढे टिळकांपासून गांधींपर्यंत, अहिंसेविषयी अगदी भिन्न मते असलेल्या नेत्यांचे एका मुद्द्यावर एकमत होते : प्रजेवर अविश्वास दाखवून तिला निःशस्त्र करणे हा अपमान आहे. मात्र या चर्चेत एक बाजू फारशी येत नाही. कायद्याने हत्यार हिरावले, त्याबरोबर हत्याराची ओळखही हिरावली. पिस्तूल जड असते की हलके, चाप किती ओढावा लागतो, आवाजाने हात कसा दचकतो, दहा पावलांवरची वस्तूही कशी चुकते, हे ज्ञान सामान्य माणसाच्या जगातून नाहीसे झाले. उरली ती पिस्तुलाची कल्पना. आणि कल्पनेतले पिस्तूल कधीच चुकत नाही.

लंडनचे दुकान आणि मुंबईची पेटी

ही दरी किती रुंद होती, ते १९०९ या एकाच सालाने दाखवले.

त्या वर्षी जानेवारीत मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने लंडनच्या हॉबर्न भागातल्या ‘गॅमेजेस’ या मोठ्या दुकानातून कोल्ट बनावटीचे पिस्तूल विकत घेतले. त्या काळी इंग्लंडमध्ये दहा शिलिंग भरले की पोस्ट ऑफिसात बंदुकीचा परवाना मिळत असे. परवाना दाखवला की दुकानदार पिस्तूल देई. लंडनमध्ये सशुल्क नेमबाजीच्या खोल्या होत्या. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या अशाच एका जागी धिंग्रा अनेक आठवडे सरावाला जात होता. १ जुलै १९०९ च्या संध्याकाळीही तो तिथे गेला. त्या जागेच्या मालकाने पुढे न्यायालयात साक्ष दिली, की त्या दिवशी त्याने बारा गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या अकरा निशाणावर लागल्या. काही तासांनी इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या समारंभात त्याने कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हेही मरण पावले.

धिंग्राच्या कृत्याचे मूल्यमापन इतिहासकारांनी आपापल्या परीने केले आहे. माझे लक्ष वेधले ते साक्षीतल्या त्या साध्या तपशिलाने. साम्राज्याच्या राजधानीत एक हिंदी विद्यार्थी दुकानात जाऊन पिस्तूल पाहू शकत होता, विकत घेऊ शकत होता आणि पैसे देऊन सराव करू शकत होता. तोच विद्यार्थी मुंबईच्या धक्क्यावर उतरला असता, तर यांतले काहीही त्याला करता आले नसते.

मुंबईच्या धक्क्यावर पिस्तुले आली ती वेगळ्या वाटेने. त्याच वर्षाच्या सुरुवातीला विनायक दामोदर सावरकरांनी इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. ती पेटीच्या दुहेरी तळात लपवलेली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाच्या गोळ्यांना बळी पडले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ठाणे म्हणजे मुलुंडच्या पुढचेच स्टेशन.

नाशिकच्या त्या तरुणांना पिस्तूल निवडता आले नव्हते. ते त्यांच्यापर्यंत समुद्रावरून, पेटीतून आणि अनेकांच्या हातांतून येऊन पोचले होते. आपल्याकडे पिस्तुलाभोवती जे वलय आहे, ते या पेटीतून आले असे मला वाटते. गुप्त, दुर्मिळ, एकदाच वापरायचे आणि त्याची किंमत प्राणाने चुकवायची. अशा वस्तूची कोणी तुलना करत नाही.

काळाची गंमत अशी, की चित्र पुढे पुरते उलटले. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १९९६ साली झालेल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी मालकीच्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. ज्या देशात पोस्टात परवाना मिळे, तिथल्या ऑलिंपिक पिस्तूल नेमबाजांवर सरावासाठी परदेशी जाण्याची वेळ आली.

घटना समितीतला वाद

१९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी या ठरावाची आठवण देऊन तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. हा हक्क सरसकट दिला, तर तो गुन्हेगारी टोळ्यांनाही द्यावा लागेल, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते, हे लक्षात घेतले तर या निर्णयामागची चिंता कळते. परका राजा गेला होता, आणि प्रजेला निःशस्त्र ठेवण्याची कारणे आता वेगळी होती.

१९५९ च्या कायद्याने युरोपीय-हिंदी हा भेद ठेवला नाही. पण रचना तीच राहिली : आधी कागद, मग हत्यार. शिवाय नळीच्या व्यासावरून हत्यारांची निषिद्ध आणि अनिषिद्ध अशी वर्गवारी झाली. सैन्य आणि पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला बंद. त्याच्या वाट्याला मुख्यतः ०.३२ इंचाचे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयात थांबली. तेव्हापासून परवानाधारकाची निवड दोन-तीन नमुन्यांपुरती आक्रसली. एक कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, दुसरे ईशापूरच्या कारखान्याचे ०.३२ चे पिस्तूल. आयातबंदीच्या आधी आलेली जुनी परदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या. ईशापूरच्या पिस्तुलात जे काडतूस बसते, ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एका कारखान्यासाठी बेतलेले. बोरिवलीच्या परवानाधारकाच्या कपाटात आजही एकोणिसाव्या शतकातला एक आराखडा असू शकतो.

घाटकोपर, १९९८

आता मामांची गोष्ट.

मामांचे घाटकोपरला हार्डवेअरचे दुकान. नव्वदीच्या दशकातली उपनगरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो काळ सांगायला नको. १९९७ च्या जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत यांची पवईत भरदिवसा हत्या झाली. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ही नावे मोठी होती. त्यांच्या सावलीत लहान दुकानदारांना, कंत्राटदारांना, डॉक्टरांनाही खंडणीचे फोन येत. मामांना दोन फोन आले. तिसरा येण्याआधी त्यांनी रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज केला.

मुंबईत हा परवाना पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीतला. चौकशी झाली, जबाब झाले, शेजाऱ्यांना विचारणा झाली. बऱ्याच महिन्यांनी परवाना आला. त्यात हत्याराचा प्रकार आणि नळीचा व्यास आधीच लिहिलेला होता. ठरावीक मुदतीत खरेदी करून हत्यार पोलिसांना दाखवायचे आणि नोंद करून घ्यायची. मी मामांबरोबर दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात गेलो. काउंटरवर मखमलीच्या कापडावर तीन रिव्हॉल्व्हर ठेवले गेले. तिन्ही एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे. मामांनी एकेक उचलून पाहिले, चक्री फिरवली, डोळ्यांसमोर धरले. दुकानात गोळी झाडून पाहण्याची सोय नव्हती, आणि असावी अशी अपेक्षाही आमच्या मनात आली नाही. मामांनी शेवटी ज्याचे पॉलिश जास्त चमकत होते ते घेतले. भाजीवालीकडे दुधी घेताना मामी नख टोचून पाहते, एवढीही परीक्षा त्या खरेदीत झाली नाही.

ते रिव्हॉल्व्हर कपाटाच्या आतल्या कप्प्यात गेले. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे. आमच्याकडे निवडणुकांची ददात नव्हती, त्यामुळे त्याचे फिरणे मुख्यतः तेवढेच झाले. मामांना त्याने धीर दिला का? सुरुवातीला दिला असावा. पुढे किल्ली कुठे ठेवायची, नातवंडे आली की काय करायचे, बाहेरगावी जाताना कुणाला सांगायचे, या काळज्या वाढल्या. मामी म्हणायची, घरात एक पाहुणा आणून बसवला आहे, तो ना जेवतो, ना जातो.

चार-पाच वर्षांनी ओळखीच्या एका निवृत्त फौजदारांनी मामांना सराव मैदानावर नेले. पंधरा पावलांवर कागदाचे निशाण होते. असे रिव्हॉल्व्हर घोडा न ओढता थेट चापाने चालवायचे, तर चापावर साधारण चार ते सहा किलोचा जोर द्यावा लागतो. तेवढा जोर लावताना बोटाबरोबर मनगटही वळते आणि नळी खाली झुकते. मामांनी सहा गोळ्या झाडल्या. एक कागदाच्या कडेला लागली, बाकीच्या मागच्या मातीत गेल्या. आवाजाने कान दडपले होते. परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. पुढे मुदत संपली तेव्हा त्यांनी नूतनीकरण केले नाही आणि रिव्हॉल्व्हर रीतसर विकून टाकले.

त्या दिवशी मामांना जे कळले, ते खरेदीच्या आधी कळायला हवे होते. व्यवस्थेलाही हे पुढे पटले. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे आणि ठेवण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. पण जाहिरातीची भाषा अजून कल्पनेतल्याच पिस्तुलाची आहे. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास, वजन अवघे पाचशे ग्रॅम, पर्समध्ये मावेल असे. वजन कमी हा त्याचा मोठा गुण सांगितला गेला. पण हत्यार जितके हलके, तितका त्याचा मागे बसणारा धक्का जास्त. हे पर्समध्ये ठेवून कळत नाही, चाप ओढल्यावरच कळते.

एनसीसीची रायफल, वरळीचे मैदान

तुलना करून निवडण्याची रीत आपल्याकडे परत आणली ती खेळाने, आणि त्यातही मुलींनी. मुंबईत हे घडले वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर. सामान्य मराठी घरातल्या मुलीला हत्याराची पहिली ओळख करून दिली ती एनसीसीने. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत असलेली अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, या वरळीच्या मैदानावर घडली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. तिचे हत्यार रायफल. पिस्तुलात महाराष्ट्राचे नाव मोठे केले ते कोल्हापूरच्या राही सरनोबतने. तिचीही सुरुवात शाळेतल्या एनसीसीतली. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण, आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज.

या मुलींमुळे उपनगरांत एक शांत बदल झाला. शाळांच्या सभागृहांत, क्रीडासंकुलांच्या तळघरांत दहा मीटर लांबीच्या हवाई नेमबाजीच्या जागा उभ्या राहिल्या. कायद्याची त्याला वाट होती. ठरावीक शक्तीच्या आतल्या, ०.१७७ इंचाहून मोठी नळी नसलेल्या हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही. जुहूच्या फुग्यांच्या बंदुकीला जी सूट, तीच ऑलिंपिकच्या पिस्तुलाला. पुढच्या ०.२२ च्या पिस्तुलाला मात्र परवाना लागतो, आणि तो एकवीस वर्षांखाली मिळत नाही. त्याआधी फक्त देखरेखीखालचा सराव करता येतो.

तीन पिस्तुले, एक हात

माझी पुतणी अशाच एका जागी तीन वर्षे क्लबच्या पिस्तुलावर शिकली. मग स्वतःचे घ्यायची वेळ आली. रक्कम दोन लाखांच्या घरात जाणारी. माझ्या भावाने त्यासाठी एक ठेव मोडली होती. तेव्हा चूक परवडणार नव्हती. प्रशिक्षकांनी सांगितले, कंपनीचे नाव विसरा, तीन दिवस तीन पिस्तुले आणून देतो. एक स्विस, एक ऑस्ट्रियन, एक जर्मन. तिन्ही वापरलेली, तीन वेगवेगळ्या नेमबाजांची.

मी शेवटच्या दिवशी पाहायला गेलो. आधी वाटले होते की ज्या पिस्तुलाने दहा गोळ्यांत जास्त गुण मिळतील ते घ्यायचे. प्रशिक्षक हसले. पहिल्या परीक्षेत छर्राच नव्हता. तिने पिस्तूल हातात धरायचे, डोळे मिटायचे, हात उचलून निशाणाकडे न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दिसली नाही, तर मूठ तिच्या हाताची नाही. जर्मन पिस्तुलाची मूठ मोठी होती, माशी प्रत्येक वेळी उजवीकडे दिसे. मनगट वळवून ती मध्ये आणता येत होती, पण साठ गोळ्यांच्या सामन्यात साठ वेळा मनगट वळवायचे म्हणजे चाळिसाव्या गोळीनंतर थकवा ठरलेला. लाकडी मूठ कानशीने घासता येते, पोकळी लांबीने भरता येते, पण किती घासावे यालाही मर्यादा असते.

दुसरी परीक्षा चापाची. नियमाप्रमाणे हवाई पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा असावा लागतो. सामन्याआधी चापाला वजन टांगून तपासतात. मामांच्या रिव्हॉल्व्हरच्या चापाचा हा जेमतेम दहावा भाग. पण आकडा सारखा असला तरी जाणीव सारखी नसते. एका चापाचा पहिला टप्पा मऊ आणि दुसरा काचेसारखा तुटणारा, दुसऱ्याचा लोण्यासारखा सरकत जाणारा. रिकामे पिस्तूल, कोऱ्या भिंतीसमोर, शंभर वेळा. नजर फक्त माशीवर. चाप सुटताना माशी हलली का, एवढेच पाहायचे.

तिसरा प्रश्न यांत्रिक चाप की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक चाप अधिक एकसारखा, पण त्यात बॅटरी आणि सर्किट आले. इथे कुणीतरी टोकियोची आठवण काढणार हे ठरलेलेच. २५ जुलै २०२१ ला दहा मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल मध्येच बिघडले. दुरुस्ती करून ती परतली तेव्हा ४४ गोळ्या बाकी होत्या आणि वेळ उरला होता सुमारे ३६ मिनिटांचा. ५७५ गुण मिळवूनही अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली, ही पुढची गोष्ट. आमच्या घरात प्रश्न वेगळा होता : पिस्तूल बिघडले तर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग किती दिवसांनी येणार?

छर्रे शेवटी आले. प्रत्येक पिस्तुलाने तीस. दहा मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. प्रशिक्षक गुण पाहतच नव्हते. ते पाहत होते, की गोळी सुटल्यावर पिस्तूल आपोआप निशाणावर परत येते की तिला ते आणावे लागते. स्विस पिस्तुलाने गुण थोडे जास्त दिले. ऑस्ट्रियन पिस्तूल परत येत होते. तिने यांत्रिक चापाचे ऑस्ट्रियन निवडले, त्यातही वापरलेलेच. भावाच्या ठेवीतले थोडे पैसे उरले.

मला जे प्रकर्षाने जाणवले, ते निवडीपेक्षा तिथल्या वागण्यातले होते. पिस्तुलाचे तोंड कायम निशाणाकडे. हातातून ठेवताना नळीत रंगीत दोरी घातलेली, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसावे. कोणी पुढे गेले असेल तर पिस्तुलाला बोट लावायचे नाही. सोळा वर्षांची मुलगी हे सारे शिवणयंत्र चालवल्यासारखे सहज करत होती. तिच्या मनात त्या वस्तूभोवती वलय नव्हते, तशी भीतीही नव्हती. कधी कुठे चुकते, हे तिला नेमके माहीत होते. नाशिकच्या पेटीपासून मामांच्या कपाटापर्यंत आपल्याला पिस्तूल मिळाले, पण ही माहिती मिळाली नाही.

त्या रविवारी मामाही आले होते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. पुतणीने त्यांना विचारले, “आजोबा, धरून बघता?” छर्रा नसलेले पिस्तूल तिने त्यांच्या हातात दिले, मूठ कशी धरायची ते दाखवले. मामांनी हात लांब केला. किलोभराचे वजन, एका हाताने, खांद्याच्या रेषेत. माशी थरथरत होती. त्यांनी वीस-पंचवीस सेकंद ते धरले, चाप न ओढता खाली ठेवले आणि मनगट चोळत माझ्याकडे पाहिले.

“हे तेव्हा धरून बघितलं असतं ना,” ते म्हणाले, “तर दुकानाला चांगलं शटर लावलं असतं, आणि गप्प बसलो असतो.”

पुतणीने दोरी नळीत परत घातली आणि पुढच्या मुलासाठी टेबल मोकळे केले.